बोर्डावर साडेअकरा लिहिलंय, मग अकराला जेवायला गेलं तर चुकलं का?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं थोडक्यात असं आहे. त्या मुंबईहून वंदे भारतने सोलापूरला आल्या, गाडी पावणेअकराच्या सुमाराला लागली, सोबत नवरा आणि दोन मुलं, सगळे भुकेले, रिक्षा करून अकराला एका हॉटेलात पोचले. बोर्डावर रात्री साडेअकरापर्यंत लिहिलेलं. वेटर म्हणाला रोटी बंद झाली, दाल फ्राय आणि राइस मिळेल. त्यांनी ते घेतलं, पण जेवताना शेजारच्या टेबलांवर खुर्च्या उलट्या चढवल्या, पायाशी फिनाईलचा पोछा फिरवला आणि न मागता बिल आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तुळजापूर करून परत आल्यावर चादरी घ्यायला गेल्या, तिथंही दुकान वाढवायला दहाच मिनिटं राहिलेली आणि सेल्समनचं तोंड वाकडं. आता त्या विचारतायत की वेळ लिहिलीय तर तोपर्यंत येणं हा गिऱ्हाइकाचा हक्क नाही का, आणि नसेल तर नक्की किती आधी जायचं.

माझं माहेर चादरीच्या दुकानाचं आणि सासर हॉटेलचं, म्हणजे लहानपणी घड्या घातल्या आणि लग्नानंतर काउंटर सांभाळायला लागले ते आजपर्यंत, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते. सविस्तर सांगते कारण दोन वाक्यांत उत्तर दिलं की एक तर गिऱ्हाईक उद्धट ठरतं नाहीतर हॉटेलवाला माजलेला, आणि बहुतेक वेळा दोघंही तसे नसतात.

मूळ घोळ बोर्डाचा आहे. बोर्डावरचा साडेअकरा म्हणजे काय हे गिऱ्हाइकाला एक वाटतं आणि आतल्या माणसांना दुसरं. तुम्हाला वाटतं साडेअकरापर्यंत आत शिरता येतं. आतल्या पोरांच्या डोक्यात साडेअकरा म्हणजे शटर खाली, कुलूप लावलं, गाडीला किक मारली. या दोन अर्थांमध्ये तासभराचं काम आहे आणि ते काम गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून सगळी कटकट. ही जबाबदारी मी आधी हॉटेलवाल्यावरच टाकीन. ज्याला अकरानंतर रोटी द्यायची नाही त्याने बोर्डावरच लिहावं की शेवटची ऑर्डर पावणेअकरा. आमच्याकडे आता दोन वेळा लिहिलेल्या आहेत, ऑर्डर कधीपर्यंत आणि हॉटेल कधीपर्यंत, आणि खरं सांगते, त्यानंतर दारात होणारे वाद जवळपास बंदच झाले.

आता आत काय चालतं ते सांगते म्हणजे वेटरने रोटी का नाकारली ते कळेल. किचन एकदम बंद होत नाही, एकेक भाग बंद होत जातो आणि सगळ्यात आधी जातो तो तंदूर. कोळशाचा तंदूर असेल तर भट्टीवाला शेवटच्या रोट्या काढून वरून झाकण ठेवतो आणि खालची हवा बंद करतो. एकदा ते केलं की परत पेटवून रोटी चिकटेल एवढा तापवायला पाऊण तास-तास सहज जातो, चार रोट्यांसाठी ते कुणीच करणार नाही. तेव्हा "रोटी बंद" हे ऐकलं तर तो आळस आहे असं धरू नका, ते खरंच बंद झालेलं असतं. त्यानंतर तळणाची कढई उतरते, तेल गाळून ठेवायचं असतं आणि ते गरम असताना घाई केली तर हात भाजतो. ग्रेव्ह्या पसरट भांड्यात काढून निववायच्या आणि मग फ्रिजमध्ये, कारण शिजवलेलं अन्न एक तर साठ अंशांच्या वर गरम ठेवायला पाहिजे नाहीतर पाच अंशांच्या खाली गार, मधल्या कोमटात ते खराब व्हायला लागतं. एकदा ग्रेव्ही गार होऊन आत गेली आणि कुणीतरी पनीर मसाला मागितला की परत काढा, परत तापवा, उरलेलं परत निववा. चांगला आचारी हे टाळतो आणि ते तुमच्याच पोटासाठी बरं असतं. मग शेगड्या पुसणं, ओटा, जाळी, मोरी, भांडी. आणि सोलापूरकरांना सांगायला नको, नळाला रोज पाणी येत नाही, सगळं टाकीवर चालतं, म्हणून एकदा घासून पालथी घातलेली भांडी परत खरकटी करायची, धुतलेली फरशी परत धुवायची म्हणजे नुसता वेळ जात नाही, उद्याचं पाणी जातं.

उलट तव्यावरचं बऱ्याच उशिरापर्यंत होतं. भाकरीचं असं आहे की ज्वारीचं पीठ मळून ठेवता येत नाही, गव्हासारखा त्याला चिकटपणा नसतो, ठेवलं की चिरा पडतात, म्हणून दर भाकरीला तेवढंच पीठ घेऊन मळायचं आणि थापायचं. म्हणजे तवा तापलेला असेल आणि थापणारी बाई असेल तर अकराला सुद्धा गरम भाकरी मिळेल. पण बाई असेल तर. आमच्याकडच्या दोघी मावशी दहाला निघतात, एकीचं घर कुंभारीच्या बाजूला घरकुलात आहे, रात्री त्या रस्त्याला शेअर रिक्षा दहानंतर कमी होत जातात आणि मग एकटीने स्पेशल रिक्षा करायची तर दिवसाच्या कमाईतला चांगला तुकडा त्यातच जातो. दहानंतर कुणी भाकरी मागितली आणि मावशी पदराला हात पुसत दाराकडे बघायला लागल्या की मी स्वतः गिऱ्हाइकाला नाही म्हणते. एकदा एक दादा माझ्यावर चिडले, मालक असून गिऱ्हाईक परत पाठवता म्हणाले. मी म्हटलं दादा, खिचडी टाकते, दहा मिनिटांत गरम होईल, पण मावशींना थांबवणार नाही. ते खिचडी खाऊन गेले.

माझं म्हणणं एवढंच आहे की उशिरा येण्याची किंमत बहुतेक वेळा मालक भरत नाही, त्याला तर बिल मिळतं. किंमत भरतो तो भांडी घासणारा, पोछा मारणारा, भाकरीवाली, आणि तो वेटर जो सकाळी अकरापासून उभा आहे. मोठ्या हॉटेलांना लागू असलेल्या कायद्यात जादा तासाला दुप्पट दराने पैसे आहेत, पण लहान हॉटेलांत महिन्याचा पगार ठरलेला असतो आणि रात्रीचा अर्धा-पाऊण तास कुणी वहीत लिहीत नाही. तुमच्या चार माणसांच्या बिलातून त्या पोराच्या खिशात त्या अर्ध्या तासाचं काही पडेल की नाही हे मालकावर आहे. आमच्याकडे साडेअकराच्या पुढे थांबलं तर वेगळे पैसे देतो आणि घरी सोडायची सोय करतो, पण सगळीकडे असं असेल असं धरून चालू नका.

काही जण कायद्याचा दाखला देतात म्हणून तेही सांगते. पूर्वी १९४८ चा दुकान कायदा होता, त्यात दुकानं-हॉटेलं कधी बंद करायची याच्या वेळा सरकारच ठरवायचं. २०१७ च्या नव्या कायद्याने ते बंधन काढलं, दुकान चोवीस तास उघडं ठेवता येतं, फक्त जिथं जास्त कामगार आहेत तिथं कामगाराचे तास, सुट्टी, रात्री बायकांना थांबवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षितता, हे सांभाळायचं. म्हणजे बंद करायची वेळ आता मालकाचा निर्णय आहे. पण मालकाने अमुक वेळेपर्यंत प्रत्येक पदार्थ दिलाच पाहिजे असं त्यातून निघत नाही.

मग ताईंचा हक्क होता का? माझ्या मते आत जाण्याचा होता. बोर्डावर साडेअकरा, तुम्ही अकराला पोचलात, मुलं भुकेली, तुम्ही काहीच गैर केलेलं नाही. सगळा मेनू मिळण्याचा हक्क मात्र नव्हता, आणि तो तुम्ही मागितलाही नाही, दिलं ते घेतलंत. त्यामुळे तुमची बाजू स्वच्छ आहे. चुकलं ते हॉटेलचं, आणि दाल-राइसमुळे नाही, खुर्च्यांमुळे. एकदा माणसाला बसवलं, पाणी ठेवलं, ऑर्डर घेतली की तो हात धुऊन उठेपर्यंत त्याच्या डोळ्यांसमोर खुर्च्या चढवायच्या नाहीत आणि ताटाजवळ फिनाईल आणायचं नाही. घाई असेल तर दारातच सांगायचं की ताई किचन बंद झालंय, माफ करा. दारात नाही म्हटलेलं माणूस अर्ध्या तासात विसरतो, पण जेवताना हाकलल्यासारखं वाटलेलं विसरत नाही. माझ्या पोरांना मी हेच सांगते की लांबची टेबलं आवरा, त्या बाजूचे दिवे कमी करा, गल्ला मोजा, कार्डाच्या मशीनचा दिवसाचा हिशोब बंद करा, आत जे करायचं ते करा, पण जेवणाऱ्याच्या आजूबाजूची टेबलं तशीच राहू द्या. बिल विचारून आणा. "अक्का, ते लोक उठेनात" म्हणून पोरगं आलं तर मी स्वतः जाऊन बोलते, त्याला पाठवत नाही.

आता किती आधी जायचं. याला एक आकडा नाही, जागेवर अवलंबून आहे. चहा-नाष्ट्याच्या गाड्यावर शेवटच्या मिनिटाला गेलात तरी चालतं, असेल ते देतील, नसेल तर नाही म्हणतील, एका चहाने कुणाचं काही अडत नाही. थाळीच्या खानावळीत बंद व्हायच्या आधी पाऊण तास तरी जा, कारण तिथं मोजून केलेलं असतं, शेवटी भाजी संपलेली असते आणि तुम्हालाच नीट मिळत नाही. तंदूर आणि ऑर्डरप्रमाणे करून देणारं हॉटेल असेल तर तासभर आधी बसायला पाहिजे, आणि दहा-बारा जणांचा घोळका असेल तर त्याहून आधी, नाहीतर फोन करूनच. एकटा माणूस वीस मिनिटं आधी आला तर तो दहा मिनिटांत खाऊन उठतो, त्याचं कुणाला ओझं होत नाही. बारा जण वाढदिवसाला पावणेअकराला येतात, केक आणतात, फोटो काढतात, मग ऑर्डर देतात, ते मात्र जड जातं.

वंदे भारतने येणाऱ्यांसाठी खास सांगते, कारण २०२३ च्या फेब्रुवारीत ती गाडी सुरू झाल्यापासून हा प्रश्न रोजचा झालाय. ती संध्याकाळी चारला मुंबईहून निघते आणि सोलापूरला लागते पावणेअकराच्या आसपास, म्हणजे नेमकं गावातली बरीच किचनं आवरायला लागतात तेव्हाच. तर कुर्डुवाडी आलं की फोन करा. तिथून पुढे पाऊण एक तास लागतो आणि कुठलाही हॉटेलवाला तेवढ्यात चार थाळ्या बाजूला काढून ठेवू शकतो, आचाऱ्याला सांगू शकतो की तवा राहू दे. फोनवर "उघडं आहे का" एवढंच विचारू नका, त्याचं उत्तर हो असंच येणार. असं विचारा, "आम्ही चौघं अकराला पोचू, काय गरम मिळेल आणि तुम्हाला किती वाजेपर्यंत चालेल?" या एका प्रश्नाने समोरचा माणूस अर्धा तुमच्या बाजूचा होतो. आमच्याकडे असा फोन आला की पोरंच म्हणतात, अक्का, गाडीवाले यायलेत, आमटी गॅसवर ठिवतो.

आणि उशिरा पोचलातच तर काय मागवायचं? बसायच्या आधी, उभ्यानेच, वेटरला विचारा की आत्ता चटकन काय होईल. मग जे सांगेल त्यातलंच घ्या, सगळ्यांनी मिळून एक-दोन पदार्थ घ्या, चार जणांनी चार वेगळ्या भाज्या सांगू नका. डाळ खिचडी, पिठलं, अंडाभुर्जी, ऑम्लेट, हे एका शेगडीवर होतं. ऑर्डर एकदाच आणि पूर्ण द्या, गोड खायचं असेल तर तेही तेव्हाच सांगा. आपल्याकडची कडक भाकरी तर अशा वेळेसाठीच आहे, ती आधीच करून वाळवलेली असते, कितीतरी दिवस टिकते, तिला ना तवा लागतो ना बाई लागते. गरम आमटीत कुस्करून, वर शेंगा चटणी आणि दही, चौघांचं पोट भरतं आणि किचनमध्ये एकच पातेलं तापवावं लागतं. बाहेरगावच्या लोकांना ते सुचत नाही म्हणून मीच सुचवते, आणि नंतर तेच लोक जाताना भाकरीची पाकिटं बांधून मागतात.

इथवरचं एका दमात सांगायचं तर बोर्डाची वेळ ही कुलपाची वेळ धरा, फोन करा किंवा बसायच्या आधी विचारा, जे चालू आहे त्यातलं घ्या, आणि हॉटेलवाल्याने एकदा बसवलं की नीट बसू द्यावं.

दुकानाचं गणित थोडं वेगळं आहे. दुकानात शिजवायचं काही नसतं म्हणून गिऱ्हाइकाला वाटतं की दहा मिनिटांत काय बिघडतंय. चादरीच्या दुकानात काय होतं ते सांगते. तुम्ही म्हणता "डबलबेडची दाखवा", माणूस गठ्ठ्यातून जेकार्ड चादर ओढतो, हवेत झटकून उलगडतो, तुम्ही काठ बघता, म्हणता यातच निळी आहे का, दुसरी उलगडतो, मग मोर नको, फुलांची दाखवा. अर्ध्या तासात गादीवर वीस-पंचवीस चादरींचा ढीग. तुम्ही दोन घेऊन जाता, त्यात काही चूक नाही, निवडायलाच आलात. पण सोलापुरी चादर जड असते, एकट्याने घडी नीट बसत नाही, दोघांनी चार कोपरे धरायचे, ताणायचे, काठाला काठ लावायचा, लेबल वर येईल अशी घडी, मग पिशवी, मग आकार आणि रंगाप्रमाणे परत रॅकमध्ये. सकाळवर टाकता येत नाही, कारण सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत दुकान लागलेलं पाहिजे, आणि रात्री उघडी पडली तर धूळ बसते, घडी मोडते, उद्या तोच माल जुना दिसतो. म्हणजे तुमच्या शेवटच्या अर्ध्या तासाच्या मागे दोन माणसांचा पुढचा पाऊण तास असतो, आणि दुकानदार ते बोलून दाखवत नाही कारण दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही ही त्याची शिकवण. माझे वडील दिवाबत्ती झाल्यावर आलेल्या माणसाला कधी नाही म्हणायचे नाहीत, पण सेल्समनला मात्र रोज रात्री दहा वाजायचे, हेही मी बघितलंय.

त्यामुळे दुकानात उशिरा जायचं असेल तर काय हवंय ते ठरवून जा. "दोन डबलबेड, गडद रंग, एवढ्या बजेटमध्ये, चार-पाच दाखवा" असं सांगितलं तर शटर अर्धं खाली असलं तरी सोलापूरचा दुकानदार तुम्हाला आत घेईल आणि खुशीत घेईल. नुसतं बघायला, भाव काढायला, आठ दुकानं फिरून ठरवायला संध्याकाळी सहा-सातला जा. आणि पाहिजे ते मिळालं नाही तर सरळ सांगून उठा, संकोचाने आणखी दहा उलगडायला लावू नका.

बस्त्याचं तर अगदी कळकळीने सांगते. बस्ता बांधायला तीन-चार तास लागतात, नवरीच्या साड्या, मानपानाच्या, टोप्या-टॉवेल, मामाचं, आत्याचं, रुसवेफुगवे सगळे त्यातच. खेड्यावरची माणसं सकाळच्या एसटीने येतात आणि दुपारी चारपर्यंत मोकळी होतात, त्यांना शेवटच्या गाडीची काळजी असते. गावातली माणसं मात्र ऑफिस सुटल्यावर साडेसातला चाटी गल्लीत, म्हणजे इथल्या कापडबाजारात, येतात आणि नऊला म्हणतात अजून शालू बघायचेत. तुम्ही घाईत निवडता, दुकानदार घाईत बांधतो, मग घरी गेल्यावर एक साडी कमी. अर्धा दिवस रजा टाका, लग्न एकदाच आहे.

औषधाचं दुकान यात धरू नका. तिथं शटर पडत असेल तरी हाक मारा, कुणी काही म्हणणार नाही. तसंच सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत जानेवारीत किंवा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात वेळाच वेगळ्या असतात, तेव्हा उशीर हाच धंदा असतो, तेव्हा निर्धास्त जा.

ताई, तुम्ही त्या हॉटेलला एक स्टार द्यायच्या विचारात आहात असं लिहिलंय. माझं ऐकाल तर आधी मालकाला फोन करा आणि खुर्च्यांचं, फिनाईलचं स्पष्ट सांगा, वेटरचं नाव न घेता सांगा, कारण पोराला तसं करायला सहसा वरूनच सांगितलेलं असतं किंवा वरून काहीच सांगितलेलं नसतं. मालक नीट बोलला नाही तर मग लिहा, पण काय झालं ते लिहा, अकराला पोचलो होतो हेही लिहा, वाचणाऱ्याला दोन्ही कळू देत. आणि पुढच्या वेळी रात्री उशिरा कुणी नीट जेवू घातलं तर टिप बिलाच्या फोल्डरमध्ये न ठेवता वेटरच्या हातात द्या आणि आत भांडी घासणाऱ्याला पण द्यायला सांगा, पन्नास रुपये दिलेत तरी त्याची घरी जायची रिक्षा निघते.